सीताफळाच्या टेम्पोतून विश्वचषकाला

मांजरसुंब्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना आमच्या गावाची ओळख करून द्यायला नको. सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या गाड्या बालाघाटाच्या डोंगरात इथे घटकाभर थांबतात, प्रवासी उतरून रबडी खातात, चूळ भरतात आणि मार्गाला लागतात. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला जाणारी मंडळी इथूनच पुढे जातात. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या सुरू होतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या आणि त्यावर चढून बसलेली बायामाणसे, पोरेबाळे. थोडक्यात, दुसऱ्यांना जाताना बघणे हा आमचा जन्माचा उद्योग. आपणच उठून चारशे किलोमीटरवर जायचे, आणि तेही देवाला किंवा दवाखान्याला नव्हे, तर चेंडूचा खेळ बघायला, हे आमच्या घरात पूर्वी कधी घडले नव्हते. २०२२ च्या दिवाळीत ते घडले. कसे घडले ते सांगतो.

आमची जमीन कोरडवाहू. खालच्या तुकड्यात सोयाबीन आणि डोंगराच्या उतारावर सीताफळाची झाडे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे, हे सगळे खरे. पण झाडावर फळाने डोळे उघडले की मानांकन कामाला येत नाही, टेम्पो कामाला येतो. तोडलेले फळ तीन-चार दिवसांत मऊ पडते. त्या वर्षी परतीच्या पावसाने सोयाबीन रानातच काळे केले होते. काढून ठेवलेल्या गंजीला कोंब फुटले. हातात पैसा येईल तो सीताफळाचाच, म्हणून आम्ही चौघा शेतकऱ्यांनी मिळून एक टेम्पो ठरवला. शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला, रात्री निघायचे आणि शनिवारी पहाटे वाशीच्या फळबाजारात माल उतरवायचा. मालाबरोबर जायची पाळी माझी होती.

आता घरची गोष्ट सांगणे भाग आहे. माझा धाकटा भाऊ आणि भावजय कोयत्यावर जातात. ज्यांना ही भाषा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने फडात राबून ती फेडायची. त्यांची मुलगी, माझी पुतणी, सातवीपासून आमच्याच घरी आहे. तेव्हा ती अकरावीत होती, सोळा वर्षांची. त्या दिवाळीत तिला स्थळ आले. मुलगा गाडीवर ड्रायव्हर, घरी चार एकर, हुंड्याची मागणी नाही. अट एवढीच की कारखान्याला जायच्या आधी लग्न उरकून द्यावे. अठरा वर्षांचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. मंडपवाल्यालाही ठाऊक आहे आणि आचाऱ्यालाही. पण भावाला नुसता दोष देऊन मोकळे होता येत नाही. सहा महिने माणूस परमुलखात उसात असतो, मागे तरणी पोरगी. रात्री त्याला झोप लागत नाही हे मी पाहिले आहे. सोमवारी मी परत आलो की बसून बोलू आणि मंगळवारी पाहुण्यांना निरोप देऊ, असे ठरले.

२६ तारखेला भाऊबीज झाली. दुपारची जेवणे झाल्यावर पुतणी ओसरीत मोबाइल धरून बसली होती. कसला तरी गलका ऐकू येत होता. मी विचारले तर म्हणाली, "कोलंबिया आन् नायजेरियाची सेमीफायनल हाय, तात्या. मडगावला."

थोड्या वेळाने जवळ येऊन म्हणाली, "तुमचा टेम्पो वाशीला जातोय ना? तिथून नेरूळ किती लांब हाय?"

मला आधी वाटले, हिची कसली तरी परीक्षा असेल.

परीक्षा नव्हती. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉलचा विश्वचषक त्या महिन्यात आपल्या देशात चालू होता. सोळा देशांचे संघ आले होते. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईला होते. खरे तर ही स्पर्धा २०२० सालीच इथे व्हायची, पण कोरोनाने ती पुढे ढकलली आणि नंतर रद्दच झाली. मग २०२२ चे यजमानपद पुन्हा भारताला मिळाले. त्यातही ऑगस्टात आपल्या फुटबॉल महासंघावर जागतिक संघटनेने बंदी घातली. ती २६ ऑगस्टला उठली म्हणून बरे, नाही तर वाजंत्री आली आणि नवरदेव नाही अशी गत झाली असती. अंतिम सामना रविवारी, ३० तारखेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता.

हिला ही ओढ कुठून लागली, तेही सांगतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने राज्यभरच्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला होता. त्या वर्षी मुलांचा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होता, त्याची ती तयारी. शाळाशाळांत चेंडू वाटले. ही तेव्हा सहावीत. अनवाणी पायाने तिने तो चेंडू इतका हाणला की अंगठ्याचे नख काळे पडले होते. तो चेंडू पुढे काही महिन्यांत बाभळीच्या काट्याने बसला. बसला तो बसलाच. पण तिच्या डोक्यातला चेंडू काही बसला नाही.

आपल्या मुलींचे तिन्ही सामने तिने पाहिले होते. भुवनेश्वरला ११ ऑक्टोबरला अमेरिकेने आपल्यावर आठ गोल केले, पुढे मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपला एकही नाही. मी म्हणालो, "मग त्यात बघण्यासारखं काय हाय?" तर म्हणाली, "आठ बसले तरी त्या दुसऱ्या दिवशी उतरल्याच की, तात्या." आणि मग तिने कप्तानाची हकीकत सांगितली. अस्तम ओराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या लहानशा गावातली. पोरगी देशाची कप्तान झाली म्हणून सरकारने तिच्या घरापर्यंत रस्ता करायला घेतला. त्या रस्त्याच्या कामावर मजुरीला तिचेच आईबाप होते. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली होती. आमच्या ओसरीत ती ऐकून भावजय पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "रस्ता तर झाला ना? आपल्याकडं तेबी न्हाई."

आईने खूप आढेवेढे घेतले. तरणी पोरगी टेम्पोत बसवून मुंबईला न्यायची, स्थळ आलेले असताना, लोक काय म्हणतील! भाऊ गप्प होता. आमच्या सौ.ने निकाल दिला, "जाऊ द्या तिला. उद्या सासरी गेली की कोण न्यायलंय?" हे ती पोरीच्या बाजूने बोलली की भावाच्या, ते मला अजून नीट उमगलेले नाही.

टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, पुतणी आणि मी. मागे क्रेटमध्ये सीताफळे, खाली-वर कागद आणि गवत. पाटोदा, जामखेड, नगर करत गाडी शिरूरला आली तेव्हा रात्र अर्धी सरली होती. पोरीने झोपायचे नाव घेतले नाही. पुणे मागे टाकून घाट उतरलो तशी हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओलसर. "तात्या, हे समुद्राचं का?" तिने विचारले. मी हो म्हणालो. खरे तर तो पनवेलच्या अलीकडचा चिखल होता, पण एवढ्या हौसेने विचारल्यावर नाही कसे म्हणणार?

वाशीच्या बाजाराचे वर्णन करीत बसत नाही. मुंबईतला फळे-भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ साली इकडे आला आणि तेव्हापासून आपल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याने मुंबई पाहिली ती याच आवारापुरती. पहाटेचे दिवे, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, आणि आपले फळ दुसऱ्याच्या हातात गेल्यावर पोटात पडणारा खड्डा. दिवाळी संपल्यामुळे गिऱ्हाईक मंद होते. वरच्या थरातला मोठा माल चांगला गेला, खालच्या थरात पावसाने चिरलेली फळे निघाली, त्यांना मातीमोल भाव आला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता पट्टीवर जे उरले ते पाहून मी कागद घडी करून खिशात ठेवला. पुतणीने तो मागून घेतला आणि बेरीज पुन्हा करून पाहिली. बेरीज बरोबर होती.

रात्री मुक्काम नेरूळला मावसभावाकडे. तो तिथे रिक्षा चालवतो. त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानेच मोबाइलवरून तिकिटे काढून ठेवली होती. तिकिटाची किंमत आमच्या एस.टी.च्या एका वेळच्या भाड्याहून कमी होती, हे ऐकून मला हायसे वाटले आणि थोडे वाईटही. जगाची अंतिम लढत, आणि ती इतकी स्वस्त!

रविवारी सकाळी मावसभावाने आम्हाला वाशीच्या खाडीकाठी नेले. ओहोटी होती. पाणी लांब गेलेले आणि मध्ये नुसता काळा गाळ, त्यावर बगळे. समुद्र म्हणून पोरीने जे काही मनात धरले असेल ते हे नव्हते. ती म्हणाली, "आपल्या तळ्यासारखंच हाय की उन्हाळ्यातल्या." पण नंतर बराच वेळ ती पुलाकडे आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. मावसभाऊ सांगत होता, हे सगळे नवे शहर भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे आहे. सिडको १९७० साली निघाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईकडे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच माणसे गेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. नेरूळ हेही मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. सामना बघायला जाताना हे डोक्यात होते. कुठल्याही गुळगुळीत जागी उभे राहिले की खाली कुणाचे रान होते, हा विचार शेतकऱ्याच्या मनात येतोच.

परत येताना रस्त्यात बिहारकडच्या बाया दिसल्या. नव्या साड्या, हातात सूप, आणि पुरुषांच्या खांद्यावर अख्खे ऊस, पाल्यासकट. त्यांची छठपूजा होती, संध्याकाळी पाण्यात उभे राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, त्यात ऊस लागतो. पुतणीने एका फेरीवाल्याला उसाचा भाव विचारला. त्याने एका कांडाच्या जोडीचे जे पैसे सांगितले ते ऐकून ती माझ्याकडे बघू लागली. टनाच्या हिशेबाने तोडणीचे दर तिला तोंडपाठ आहेत. "तात्या, मायला सांगायला पायजे," एवढेच म्हणाली.

डी. वाय. पाटील मैदान महामार्गाला लागूनच आहे. २००८ साली बांधलेले. आत चाळीस हजारांवर माणूस बसते. फाटकावर मात्र आमची फजिती झाली. दशम्या, ठेचा आणि वानोळा म्हणून राखून ठेवलेली चार सीताफळे पिशवीत होती. बाहेरचे खाणे आत न्यायचे नाही, असा नियम. परत जायचे तर रांग जाणार. शेवटी दशम्या आम्ही तिथेच उभ्याने खाल्ल्या आणि सीताफळे तपासणीला उभ्या असलेल्या पोलीस ताईंना दिली. त्या मूळच्या लातूरकडच्या निघाल्या. फळ दाबून पाहत म्हणाल्या, "हे उद्या होईल." माणूस आपल्या मुलखातला आहे हे ओळखायला याहून दुसरी खूण लागत नाही.

आत पाऊल टाकले आणि ते हिरवे गवत दिसले. वाचकहो, मी चाळीस वर्षे शेती करतो, पण इतके सारखे वाढलेले पीक मी पाहिलेले नाही. कुठे खोडवा नाही, तुटाळ नाही. पुतणी पायऱ्यांवरच थांबली. मागून लोक ढकलत होते तरी हलेना.

दुपारी साडेचारला आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, नायजेरिया आणि जर्मनी. नायजेरियाच्या मुली तीन गोलांनी पुढे होत्या. मला वाटले, आता संपले. पण जर्मनीने तिन्ही गोल फेडले. मग पाच-पाच फटक्यांवर निकाल लागला आणि नायजेरिया जिंकली. खेळाचे नियम मला अर्धेच कळत होते, मावसभावाचा मुलगा बाकीचे सांगत होता. ऑफसाइड त्याने तीनदा समजावले, आणि तीनदा मी मान हलवली.

मध्ये वेळ होता तेव्हा मी त्याला विचारले, "ह्या पोरींची वयं काय रं?"

"सतराच्या आतल्या, काका. सोळा, सतरा. काही पंधराच्यापण असतील."

"मग पुढं?"

"पुढे वीसखालचा विश्वचषक वेगळा असतो. मग मोठ्यांचा. ही तर सुरुवातच आहे, लहान मुलींची स्पर्धा."

लहान मुलींची. मी पुतणीकडे पाहिले नाही, पण ती ऐकत होती हे मला कळले. आमच्याकडे त्याच वयाला आईबाप म्हणतात, आता किती दिवस ठेवायची. आमच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली भरल्या होत्या, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे आधी मुलगी जन्माला येण्याची मारामार. जन्मली की तिचे लहानपण उरकून टाकण्याची घाई. हा हिशेब मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या सुचला, घरी इतकी वर्षे सुचला नव्हता.

आठ वाजता अंतिम सामना सुरू झाला. स्पेन आणि कोलंबिया. स्पेन आधीचाच विजेता, २०१८ चा. हे दोन्ही संघ याच स्पर्धेत आधी गटात भिडले होते, तेव्हा स्पेनने एका गोलने बाजी मारली होती. कोलंबियाचा कुठलाही संघ, पुरुषांचा असो की बायकांचा, जागतिक संघटनेच्या स्पर्धेत अंतिम फेरीला येण्याची ही पहिली वेळ. मैदान पूर्ण भरलेले नव्हते, पण जे होते ते ओरडत होते. इभा नावाची सिंहीण हे स्पर्धेचे बोधचिन्ह, तिची चित्रे जिकडे तिकडे.

पुतणीचे लक्ष एकाच मुलीवर होते. लिंडा कायसेदो. बॉल पायाशी आला की ती अशी निघायची की बांधावरून पाणी फुटावे. समोरची मुलगी डावीकडे झुकली की ही उजवीकडून गेलेली असे. त्या एकाच वर्षात ही पोरगी जुलैत मोठ्या बायकांची कोपा अमेरिका खेळली, ऑगस्टात वीस वर्षांखालचा विश्वचषक खेळली आणि ऑक्टोबरात इथे आली. वय सतरा. मावसभावाच्या मुलाने मोबाइलवर तिची माहिती काढून वाचून दाखवली. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि ती परत मैदानात आली.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर भावजय आली. तिची पिशवी तिशीच्या आतच काढली आहे. दुखत होते, डॉक्टरने सांगितले काढून टाका, फडात सुट्टी घेतली तर खाडा पडतो, काढली. ती एकटी नाही. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची माहिती गोळा केली तेव्हा ब्याऐंशी हजारांतल्या तेरा हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. तिकडे आजारी पोरीवर उपचार झाले ते ती पुन्हा धावावी म्हणून. इकडे भावजयीवर झाले ते खाडा पडू नये म्हणून. दोन्हीकडे चाकू एकच असेल.

"आन् गाव कुठलं हिचं?" पुतणीने विचारले.

"कांदेलारिया. वाये देल काउका म्हणून प्रांत आहे, तिथलं." त्याने पुढे वाचले आणि थांबला. "हे बघा, इथे लिहिलंय, हा सगळा उसाचा पट्टा आहे. कोलंबियातली बरीच साखर तिथेच होते. तिथे उसाला हंगाम नाही, वर्षभर तोड चालते."

"वरीसभर?" पुतणी म्हणाली. "मग माणसं घरी कवा येत्यात?"

याचे उत्तर मोबाइलात नव्हते. खाली मैदानात ती उसाच्या पट्ट्यातली पोरगी कोपऱ्याच्या झेंड्याजवळ दोघींमधून वाट काढत होती, आणि आमची उसाच्या पट्ट्यातली खुर्चीवरून अर्धी उठलेली होती.

पहिला अर्धा भाग गोल न होता गेला. दुसऱ्यातही बराच वेळ तसेच. स्पेनचा दाब जास्त होता, कोलंबियाच्या मुली दमल्या होत्या. मग ८२ व्या मिनिटाला गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू कोलंबियाच्याच एका मुलीला लागून आत गेला. स्वतःच्याच जाळ्यात. एक-शून्य. तिचे नाव कागदोपत्री आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. एवढ्याशा वयात तेवढ्यासाठी नाव राहणे बरे नव्हे. तेवढ्या एका गोलावर स्पेनने विश्वचषक राखला.

पुतणीचे डोळे भरून आले. मला वाटले कोलंबिया हरली म्हणून. मी म्हणालो, "दुसऱ्या आलेल्याबी काय कमी हायेत का?"

ती म्हणाली, "तसं न्हाई, तात्या. चूक झाली तरी तिला कुणी बाहीर काढलं न्हाई. खेळतच राहिली ती."

शिट्टी वाजली, दिव्यांचा लखलखाट झाला, लोक उठले. आम्ही शेवटची पाठमोरी खेळाडू आत जाईपर्यंत बसून राहिलो. रखवालदाराने येऊन सांगितले तेव्हा उठलो.

रिकामा टेम्पो सोमवारी पहाटे निघाला. येताना ती झोपली, थेट जामखेडपर्यंत. पाटोद्याच्या पुढे जागी झाल्यावर म्हणाली, "बाबाला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर रडू येतंय." मी काय सांगू, असे मी विचारले. "काय बी सांगा. पर आज सांगा."

चौकात उतरलो. भाऊ तिथेच टपरीवर बसलेला होता. मी त्याला लग्नाबद्दल काही बोललो नाही. हातपाय धुवून, चहा पिऊन आम्ही दोघे बांधावर गेलो. मी त्याला सामना सांगितला. पहिल्यापासून, आठवेल तसा, ऑफसाइडसुद्धा. उसाच्या पट्ट्यातली पोरगी सांगितली. तिचा आजार सांगितला. त्याने मध्ये एकच विचारले, "तिच्या बापानं दवाखान्याचा खर्च कुठून केला आसंल?" मला ठाऊक नव्हते. मग त्याने बराच वेळ जमीन उकरली काडीने. संध्याकाळी पाहुण्यांना फोन गेला की पोरगी बारावी होऊ द्या, मग बघू. पाहुण्यांनी "मग बघू" चा अर्थ बरोबर काढला आणि त्याच महिन्यात दुसरीकडे सोयरीक जुळवली. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बुधवारी भाऊ-भावजय गाडीत बसले. उचल घेतलेली होती, थांबता येत नव्हते. गाडी हलली तेव्हा भावजयीने वरूनच ओरडून पोरीला विचारले, "त्या उसाच्या जोडीचे किती म्हनलीस?"

लिंडा कायसेदो २०२३ साली स्पेनला, रिआल माद्रिद संघात गेली. त्याच वर्षी मोठ्यांच्या विश्वचषकात तिने जर्मनीविरुद्ध गोल केला. पुतणीने तो मला मोबाइलवर चार-पाच वेळा दाखवला. आमची पोरगी बारावी झाली, बीडला नर्सिंगला लागली, वसतिगृहात राहते. फुटबॉल खेळत नाही. कुठे खेळणार? सकाळी मैदानावर पळते तेवढे.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या बायकांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तो याच नेरूळच्या मैदानावर. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. आमच्या चौकात फटाके वाजले. बारा वाजून गेल्यावर तिचा फोन आला. मागे वसतिगृहातल्या पोरींचा नुसता आरडाओरडा.

"तात्या, बघितलं का? आपण बसलो होतो ती बाजू दावली आत्ता!"

"कशावरनं तीच बाजू?"

"मला ठाऊक हाय ना." मग आवाज थोडा खाली आणून तिने विचारले, "सीताफळाची गाडी कवा भरायलात?"

"परवा," मी म्हणालो. "पावसानं लई चिरलेत औंदा."